नेदरलँड्समध्ये पहिलं बाळंतपण: घरी की दवाखान्यात, आणि डूला हवी का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी काही समजूत चुकली असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. तुम्ही आइंडहोवनला राहता, सत्ताविसावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. मिडवाइफने गेल्या भेटीत विचारलं, "घरी करायचंय की हॉस्पिटलमध्ये?" तुम्ही दोघंही गोंधळलात. नवऱ्याने थोडं वाचलंय, त्याला घरची कल्पना आवडली आहे. नाशिकहून सासूबाई म्हणाल्या, घरीच बाळंत व्हायचं होतं तर एवढ्या लांब गेलात कशाला. आई येणार आहे, पण तिला इंग्रजी बोलता येत नाही. आणि कुणीतरी डूला, म्हणजे कळांमध्ये सतत जवळ राहून आधार देणारी बाई, घ्या असं सुचवलंय, तो खर्च करावा की नाही ते ठरत नाहीये.

यात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. बाळंतपण कुठे करायचं हा एक, आणि त्या सगळ्या तासांत तुमच्याजवळ कोण असणार हा दुसरा. सगळे पहिल्यावर वाद घालतात. माझ्या मते तुमच्या परिस्थितीत दुसरा आधी सोडवायला हवा, कारण पहिल्याचं उत्तर शेवटपर्यंत बदलू शकतं आणि बहुतेक वेळा ते तुमच्या हातातही राहत नाही.

मी आधी महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात नर्स होते. आता बरीच वर्षं इथे डूला म्हणून काम करते, त्यात मराठी आणि इतर भारतीय घरं पुष्कळ. म्हणजे दोन्हीकडची बाळंतपणं जवळून पाहिली आहेत. पण इथे मी वैद्यकीय निर्णय घेत नाही. खाली जे लिहिते आहे ते तुमच्या मिडवाइफशी नीट बोलता यावं म्हणून. तिच्याऐवजी माझं ऐकावं म्हणून नव्हे.

सासूबाईंची भीती बाजूला सारू नका, तिला कारण आहे. आपल्याकडे घरी बाळंतपण म्हणजे शिकलेलं कुणी हाताशी नाही, रक्तस्राव झाला तर इंजेक्शन नाही, गाडी मिळेपर्यंत तास गेले, असं चित्र त्यांच्या पिढीने पाहिलंय. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली ती बायकांना दवाखान्यापर्यंत आणण्यासाठीच, आणि आज महाराष्ट्रात शंभरातली चौऱ्याण्णव-पंचाण्णव बाळंतपणं दवाखान्यात होतात. मी स्वतः त्या कामात होते आणि तिथे ते योग्यच होतं, अजूनही आहे. माझी नाशिकची भाची उद्या घरी बाळंत होते म्हणाली तर मी तिला सरळ नको म्हणेन.

इथली गोष्ट वेगळी आहे ती घरामुळे नव्हे, घराला जोडलेल्या व्यवस्थेमुळे. नेदरलँड्समध्ये ज्या बाईला काही गुंतागुंत नाही तिची सगळी काळजी मिडवाइफ घेते, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे ती कारण असेल तरच जाते. मिडवाइफ चार वर्षांचं स्वतंत्र शिक्षण घेतलेली असते, तिचं नाव सरकारी बीआयजी नोंदवहीत असतं आणि ती नोंदवही कुणालाही पाहता येते. कोणत्या स्थितीत बाईला दवाखान्यात पाठवायचं याची देशभर मान्य झालेली यादी आहे. घरी येताना मिडवाइफ बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकायचं यंत्र, गर्भाशय आकुंचन पावण्यासाठी ऑक्सिटोसिन, टाके घालायचं सामान, ऑक्सिजन आणि बाळाला श्वास द्यायची साधनं घेऊन येते. बाळ यायच्या सुमाराला तिच्या मदतीला क्रामझोर्गची, म्हणजे बाळ-बाळंतिणीची घरी येऊन काळजी घेणाऱ्या सेवेची, प्रशिक्षित बाई येते. तातडीच्या बोलावण्यावर ॲम्ब्युलन्सने पंधरा मिनिटांत पोहोचावं, आणि फोन केल्यापासून पंचेचाळीस मिनिटांत रुग्ण दवाखान्यात असावा, असे मापदंड आखलेले आहेत. आइंडहोवनसारख्या शहरात प्रत्यक्षात वेळ सहसा याहून बरीच कमी लागते.

तरी सगळे डच लोक घरीच बाळंत होतात हेही खरं नाही. १९६०च्या दशकात दोन तृतीयांशांच्या आसपास बाळंतपणं घरी होत. आज ते प्रमाण पंधरा टक्क्यांच्या घरात आहे. तेव्हा तुम्ही दवाखाना म्हणालात तर मिडवाइफला वाईट वाटेल ही काळजी सोडा. मला भेटणाऱ्या भारतीय मुलींपैकी काहींना वाटतं की इथे आलोय तर इथल्यासारखं करायला हवं. तसं काही नाही.

आता सुरक्षिततेचं. तुम्ही पहिलटकरीण आहात, म्हणून आकडे तुमच्यापुरते बघायला हवेत. इंग्लंडमध्ये २०११ साली 'बर्थप्लेस' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, कमी जोखमीच्या सुमारे चौसष्ट हजार बायकांचा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांत घर आणि दवाखाना यांत बाळाच्या दृष्टीने फरक आढळला नाही. पहिलटकरणींत मात्र आढळला: बाळाला गंभीर इजा किंवा मृत्यू, असं सगळं मिळून घरी ठरवलेल्या बाळंतपणांत हजारी ९.३ आणि दवाखान्यातल्यांत हजारी ५.३. डच अभ्यासांचा निष्कर्ष वेगळा आहे. २००९ साली पाच लाखांहून अधिक आणि २०१५ साली सात लाख चाळीस हजारांहून अधिक बाळंतपणं तपासली गेली, आणि मिडवाइफच्या देखरेखीखाली घरी ठरवलेली व तिच्याच देखरेखीखाली दवाखान्यात ठरवलेली यांत बालमृत्यूचा फरक दिसला नाही, पहिलटकरणींतसुद्धा नाही. दोन्हीकडे हजारी एकाच्या आसपास.

मी हे असं वाचते: तुम्ही डच व्यवस्थेत आहात, म्हणून डच आकडे तुम्हाला जास्त जवळचे. पण इंग्लंडचा अभ्यास मी लपवून ठेवत नाही, कारण त्यातून कळतं की व्यवस्था थोडी सैल झाली, अंतर वाढलं, निवड कमी काटेकोर झाली, की त्याची किंमत आधी पहिलटकरणीच्या बाळाला मोजावी लागू शकते. डच आकडेसुद्धा कमी जोखमीच्या आणि वेळेत दवाखान्यात हलवल्या जाणाऱ्या बायकांचे आहेत. त्या दोन अटी गेल्या तर तो आकडा तुमचा राहत नाही.

आणि हलवणं हे इथे अगदी नेहमीचं आहे. हे वाक्य नवऱ्यालाही वाचून दाखवा. मिडवाइफकडे कळा सुरू झालेल्या पहिलटकरणींपैकी साधारण निम्म्या बाळ येण्याआधीच दवाखान्याकडे सोपवल्या जातात. इंग्लंडच्या अभ्यासातही, बाळ झाल्यावर लगेच हलवलेल्या धरून, पहिलटकरणींत हे प्रमाण पंचेचाळीस टक्के होतं, आधी मूल झालेल्यांत फक्त बारा. कारणं बहुतेकदा घाईची नसतात: कळा चालू आहेत पण पिशवीचं तोंड पुढे उघडत नाही, पाणी हिरवट आलं म्हणजे बाळाने आत शी केली आहे, पाणी जाऊन चोवीस तास झाले तरी कळा नाहीत, किंवा बाई म्हणते मला आता वेदना सोसत नाहीत, एपिड्युरल हवं. एपिड्युरल, म्हणजे वेदना कमी करायला पाठीच्या कण्यापाशी दिलेलं औषध, फक्त दवाखान्यातच मिळतं. अशा वेळी बरेचदा नवराच गाडी चालवत नेतो, सायरन वाजत नाही.

म्हणून पहिल्या खेपेच्या बाईला मी सांगते की घर ही सुरुवात करायची जागा माना. बाळ तिथेच होईल असं मनात धरून बसलात आणि पहाटे तीन वाजता जिना उतरावा लागला, तर नंतर कित्येक महिने आपण कुठे कमी पडलो असं वाटत राहतं. बाळ ठणठणीत असूनही आई रडते, ते मी पाहिलंय. ज्या बायका निम्मी शक्यता गृहीत धरून चालतात त्या हलवलं तरी खचत नाहीत. तुम्हाला ही अनिश्चितता सोसवेल का, हा प्रश्न स्वतःला विचारा. काहींना कळा चालू असताना जागा बदलण्याचीच धास्ती वाटते. त्यांच्यासाठी पहिल्यापासून दवाखाना हाच शांतपणाचा मार्ग असतो आणि त्यात काही कमीपणा नाही.

तुमची स्थिती घरासाठी योग्य आहे की नाही हे बऱ्याच अंशी पुढच्या काही आठवड्यांत कळेल. दक्षिण आशियाई बायकांना गरोदरपणातला मधुमेह होण्याची शक्यता जास्त, म्हणून चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत साखरेचं पाणी पिऊन करायची तपासणी आपल्याला इथे सांगितली जाते. तुमची झाली नसेल तर स्वतःहून विचारा. इन्सुलिन लागलं तर घरचा विषय संपला. नुसत्या आहाराने साखर ताब्यात राहिली तर तुमच्या भागातल्या मिडवाइफ आणि दवाखान्याचं काय ठरलेलं आहे त्यावर अवलंबून. हिमोग्लोबिन पुन्हा बघतील. ते कमी असेल तर लोहाच्या गोळ्या नेमाने घ्या, कारण बाळंतपणात रक्त जाणारच आहे आणि आधीच कमी असलेल्या बाईला तेच रक्त जाणं जड पडतं. रक्तदाब वाढणं, बाळ पायाळू असणं, जुळं, वार पिशवीच्या तोंडाशी असणं, सदतीस आठवड्यांच्या आत कळा येणं किंवा बेचाळीस उलटणं, यांपैकी काहीही असेल तर दवाखानाच. तिथे माझ्याशी किंवा कुणाशीही घासाघीस करायची नाही.

मग तुमचं घर. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता आणि लिफ्ट नाही असं लिहिलंय. इथले जिने अरुंद आणि उभे असतात, स्ट्रेचर वळत नाही. आडवं न्यायची वेळ आली तर कधी अग्निशमन दलाची उचलगाडी बोलवावी लागते. एवढ्यावरून घर बाद होत नाही, पण मिडवाइफला जिना प्रत्यक्ष दाखवा आणि ती काय म्हणते ते ऐका. अशा घरात मी सहसा एक गोष्ट सुचवते: हलवायचं की नाही अशी शंका आली तर निर्णय थोडा लवकर घ्यायचा, बाईला स्वतःच्या पायांनी उतरता येतंय तोवर. पलंग जमिनीपासून ऐंशी सेंटिमीटर उंच लागतो, त्यासाठी पायांखाली ठेवायचे ठोकळे भाड्याने मिळतात. बाळंतपण कुठेही होवो, ते लागणारच, कारण नंतर क्रामझोर्गची बाई घरी येते आणि तिच्या पाठीचाही विचार करावा लागतो. पाण्याच्या टबचा विचार असेल तर त्यात पाचेकशे लिटर पाणी मावतं. जुन्या लाकडी तळजमिनीला तो भार झेपेल का, आणि तुमचा गरम पाण्याचा बॉयलर तेवढं पाणी देऊ शकेल का, हे आधी बघा.

तिसरा मार्ग बऱ्याच भारतीय जोडप्यांना माहीतच नसतो: दवाखान्याची किंवा प्रसूतिकेंद्राची खोली, पण सोबत तुमचीच मिडवाइफ. डॉक्टर लागला तर दाराबाहेर आहे, नाही लागला तर काही तासांत घरी परत. घरच्या बाळंतपणाचा खर्च मूळ आरोग्यविमा पूर्ण देतो. वैद्यकीय कारण नसताना दवाखान्याची खोली घेतली तर काही शे युरो स्वतःचे जातात, पूरक विमा असेल तर तो कधी हा भाग भरतो. कारण निघालं आणि डॉक्टरकडे सोपवलं तर तो वाटा लागत नाही. विमा पैसे देऊ लागण्याआधी वर्षाला पहिले ३८५ युरो स्वतः भरावे लागतात; मिडवाइफचं काम या स्वखर्चात धरत नाहीत, पण ॲम्ब्युलन्स, रक्ततपासण्या आणि औषधं त्यात येतात, म्हणून बिल आलं की दचकू नका. तुमचं जे वर्णन वाचलं त्यावरून हा मधला मार्ग तुम्हा दोघांना आणि नाशिकलाही पटण्यासारखा वाटतो. त्यातही कळांचे पहिले बरेच तास घरीच जातात, हे विसरू नका.

आता डूलाकडे येते.

डूला तपासणी करत नाही, ठोके मोजत नाही, औषध देत नाही, बाळ हातात घेत नाही. ती सतत जवळ असते. कमरेला दाब देते, पाणी पाजते, उठवते, बसवते, श्वासाची लय धरून देते, नवऱ्याला तासभर झोपायला पाठवते, आणि डॉक्टर काय म्हणाले ते बाईला कळेल अशा शब्दांत पुन्हा सांगते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सततच्या सोबतीवर २०१७ साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेने जो आढावा घेतला, सतरा देशांतल्या पंधरा हजारांहून अधिक बायकांचा, त्यात अशी सोबत मिळालेल्यांत सिझेरियन कमी, नैसर्गिक प्रसूती जास्त, कळांचा काळ थोडा कमी आणि बाळंतपणाची वाईट आठवण राहण्याचं प्रमाणही कमी दिसलं.

या देशात तिची गरज का भासते ते इथल्या कामाच्या पद्धतीवरून कळतं. तुमच्या केंद्रात तीन-चार मिडवाइफ असतील, त्या रात्री ड्यूटीवर कोण असेल ते ठरलेलं नसतं. ती पहिल्यांदा येते, तपासते, अजून वेळ आहे म्हणते आणि दुसऱ्या बाईकडे जाते. कळा जोर धरतात तेव्हा परत येते. मधले पाच-सहा तास तुम्ही दोघंच. पुढे दवाखान्यात हलवलं की तुमची मिडवाइफ बहुधा तिथल्या मिडवाइफकडे आणि डॉक्टरांकडे सोपवून निघते, तिथली पाळी बदलते, आणि सगळे चेहरे नवे. घर, गाडी, दवाखाना या सगळ्यांत तीच राहणारी व्यक्ती म्हणजे नवरा, आणि असली तर डूला. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं, आधी माणूस ठरवा. बाळंतपण कुठेही झालं तरी ही सोबत वाया जात नाही.

तरीही प्रत्येकीने डूला घ्यावी असं माझं म्हणणं नाही. बहीण किंवा जवळची मैत्रीण आहे, ती स्वतः बाळंत झालेली आहे, रक्त बघून घाबरत नाही आणि दोन दिवस तुमच्यासाठी काढू शकते, तर ती पुष्कळ आहे. काही नवरे हे काम फार छान करतात. तुमचा नवरा त्यातला आहे का हे तुम्हालाच ठाऊक. मूळ विम्यात डूलाचा खर्च धरत नाहीत, काही पूरक विमे थोडा भाग देतात, आणि फी शेकड्यांत, कधी हजार युरोंच्या वरही जाते. तेवढ्या पैशांनी ताण येणार असेल तर शिकाऊ डूला कमी पैशांत मिळते. पहिल्या भेटीचे पैसे सहसा नसतात, म्हणून दोघी-तिघींना भेटा.

भेटलात की तिला हे विचारा: दवाखान्यात हलवलं तर तू येणार का? तुझ्याऐवजी कुणी यायची वेळ आली तर ती मला आधी भेटणार का? एपिड्युरल मागितलं तर काय करशील? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लक्ष देऊन ऐका. "तुझी इच्छा असेल तर मी ते मागायला मदत करेन" असं सरळ उत्तर आलं तर पुढे बोला. ती दवाखान्याविषयी भीती घालू लागली, तपासण्या टाळायला सांगू लागली, मिडवाइफशिवायही होईल म्हणाली, तर नमस्कार करून निघा. कुणीही स्वतःला डूला म्हणवू शकतं, या नावाला कायद्याचं संरक्षण नाही, त्यामुळे पारख तुम्हालाच करायची आहे. मराठी बोलणारी मिळाली तर उत्तमच, पण ती अट घालू नका. कळा जोरात असताना बाई आपल्या भाषेत ओरडते आणि अनुभवी डूलाला ते न कळताही कळतं.

आईबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्याने मला जास्त विचारात पाडलं. शेंगेन व्हिसावर तिला १८० दिवसांत ९० दिवसच राहता येईल, म्हणून अडतिसाव्या आठवड्याच्या सुमाराला बोलवा. बाळ दोन आठवडे उशिरा आलं तरी पुढे दोन महिने हाताशी राहतात. कळांच्या वेळी तिने खोलीत असावं का, हे तिला नव्हे, आधी स्वतःला विचारा. लेकीचे हाल बघवत नाहीत म्हणून आई रडू लागते, मग लेक आईला धीर देत बसते आणि कळा मंदावतात. असं होतं. काही आयांचा नुसता हात डोक्यावर असला की लेक शांत होते, असंही होतं. दुसरी जात असेल तर आत ठेवा. नाहीतर तिला घरातलं एखादं ठाम काम द्या, खिमट, चहा, आल्यागेल्याचं बघणं. इंग्रजी येत नाही ही अडचण मी मोठी मानत नाही. भिऊन "डॉक्टर का बोलवत नाहीत?" असं ती दर दहा मिनिटांनी विचारत राहिली तर ती अडचण मोठी. म्हणून ती आल्यावर एका तपासणीला तिला सोबत न्या, मिडवाइफला भेटवा, ठोके ऐकू द्या, पिशवीत काय काय असतं ते दाखवायला सांगा. माझ्या अनुभवात या एका भेटीनंतर घरातलं अर्धं वातावरण बदलतं. सासूबाईंनाही व्हिडिओ कॉलवर घ्या. त्यांना आकडे सांगण्यापेक्षा, रक्तस्राव झाला तर पहिल्या दहा मिनिटांत कोण काय करेल ते मिडवाइफच्या तोंडून ऐकू द्या. त्यांची भीती नेमकी तीच आहे.

बाळंतपणानंतरचे आठ-दहा दिवस हे या देशाचं मोठं देणं आहे, मग बाळ कुठेही झालेलं असो. क्रामझोर्गची बाई रोज काही तास घरी येते, एकूण सर्वसाधारणपणे एकोणपन्नास तास, तुमचा वाटा तासाला पाच युरोंच्या आसपास. ती टाके बघते, बाळाचं वजन, कावीळ, ताप, दूध पिणं बघते. नोंदणी अजून केली नसेल तर आजच करा, बायका कमी आहेत. तिच्यात आणि आईत पहिल्या दिवशी थोडी कुरबुर होते: टोपी घालायची की नाही, आंघोळ कधी, बाळंतिणीने फिरायचं की पडून राहायचं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मालिश, सगळं खुशाल चालू द्या. इथेही बाळ झालं की टोस्टवर बडीशेपेच्या जातीचे साखरी दाणे घालून वाटतात, आईंना ते फार आवडतं. दोन गोष्टींवर मात्र मी अडून बसते. कोळशाची शेगडी आणि धुरी इथल्या बंद, हवाबंद खिडक्यांच्या घरात अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही आणि तो आई-बाळ दोघांचा जीव घेऊ शकतो. शेक गरम पाण्याच्या पिशवीने घ्या. आणि बाळाच्या जिभेला मध लावायचा नाही, वर्षाच्या आत त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

नवऱ्याची रजा आणि कागदपत्रं थोडक्यात. त्याला पूर्ण पगारी एक आठवडा मिळतो, आणि पुढच्या सहा महिन्यांत सत्तर टक्के पगारावर आणखी पाच आठवड्यांपर्यंत. ते पाच आई परत गेल्यावर घ्या. जन्माची नोंद तीन दिवसांत करायची असते आणि ती बाळ जिथे जन्मलं त्या नगरपालिकेत. म्हणजे घरी झालं तर आइंडहोवन, पण हलवून शेजारच्या फेल्डहोवन गावच्या दवाखान्यात झालं तर फेल्डहोवन. इथे जन्मलं म्हणून बाळाला डच नागरिकत्व मिळत नाही. हेगच्या भारतीय दूतावासात वर्षाच्या आत नोंद करून पासपोर्ट घ्यायचा आणि इथल्या रहिवासी परवान्यासाठी अर्ज करायचा.

तुमच्या जागी मी असते तर असं करेन. या महिन्यात साखर आणि हिमोग्लोबिनचा निकाल, क्रामझोर्गची नोंदणी, दोन डूलांच्या भेटी. बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत सोबत कोण ते नक्की. मिडवाइफला तीन गोष्टी विचारा: माझ्यासारख्या पहिलटकरणींपैकी तुमच्या केंद्रातून किती हलवल्या जातात, रात्री माझ्या घरापासून दवाखान्यापर्यंत किती वेळ लागतो, आणि सोपवल्यावर तुमच्यापैकी कुणी माझ्याबरोबर थांबतं का. छत्तिसाव्या आठवड्यात घर, मधला मार्ग की दवाखाना ते सांगा, आणि काहीही सांगितलं तरी दोन्ही तयारी ठेवा: पलंग उंच केलेला आणि दाराशी भरलेली बॅग, बाळाच्या गाडीतल्या आसनासकट. घर ठरवलं असलं तरी कळांच्या मध्यात "मला जायचंय" म्हणायचा हक्क तुमचा आहे, कारण द्यावं लागत नाही.

फोन कधी करायचा हे एका कागदावर मराठीत लिहून फ्रिजवर लावा, आईलाही वाचता यावं. पहिल्या खेपेला साधारण दर तीन-चार मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तास-दोन तास चालू राहिल्या की मिडवाइफला फोन. पण पाणी हिरवं किंवा तपकिरी आलं, पाळीसारखं लाल रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे चमकू लागलं, किंवा सदतीस आठवड्यांच्या आत कळा आल्या, तर कळा मोजत बसू नका. पाणी गेलं आणि बाळाचं डोकं अजून खाली बसलेलं नाही असं मिडवाइफने आधी सांगितलं असेल, तर आडवं होऊन तिथूनच फोन करा. रात्रीचे कितीही वाजलेले असोत, त्यांचा नंबर चोवीस तास चालू असतो.